माणसाला माणूस वर्ज्य का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नरमांस खाण्यावरचा निषेध आला कुठून आणि नीतीच्या कसोटीवर तो कितपत टिकतो, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जेवता जेवता वाचू नका, एवढीच सूचना.

प्रश्न : आपल्याच जातीच्या जिवाला न खाणं ही निसर्गाचीच व्यवस्था आहे ना? मग माणसाला वेगळा निषेध कशाला लागला?

निसर्गात अशी व्यवस्था नाही. 'मत्स्यन्याय' हा शब्द ज्याने कुणी घडवला त्याने तळ्यात नीट वाकून पाहिलं असणार. मोठा मासा लहान मासा गिळताना त्याची जात बघत नाही, आणि पुष्कळदा तो त्याच्याच जातीचा असतो. प्रार्थना कीटकाची मादी कधीकधी नराला खाते. चिंपांझी दुसऱ्या मादीचं पिल्लू पळवून खाताना १९७०च्या दशकात टांझानियातल्या गोंबे जंगलात पाहिले गेले. काही प्राण्यांत मर्यादा दिसते, पण ती नात्याची असते. वाघ-सॅलमँडर या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याची मांसाहारी पिल्लं एकाच डबक्यात इतरांना खातात आणि सख्ख्या भावंडांना बऱ्याच अंशी सोडतात.

माणसाच्या घराण्यातही हे जुनंच आहे. स्पेनमधल्या आतापुएर्का टेकड्यांत 'ग्रान दोलिना' नावाच्या गुहेत आठ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची मानवी हाडं सापडली, आणि त्यांच्यावर दगडी पात्यांचे घाव शेजारच्या जनावरांच्या हाडांवर आहेत तसेच आहेत. तेव्हा निषेध रक्तात नाही, शिकवणुकीत आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलेला प्रसंग यावर फार बोलका आहे. इराणचा राजा दारयवहू याने ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाला खाल? ते म्हणाले, कितीही दिलेत तरी नाही. मग त्याने आईबापांचं प्रेत खाणाऱ्या 'कालातियाई' नावाच्या हिंदुस्थानी लोकांना विचारलं, किती पैसे दिले तर बापाला जाळाल? ते ओरडलेच, की असलं अभद्र बोलूही नका.

मात्र 'म्हणजे सगळा नुसता रिवाजच' असं म्हणणंही घाईचं होईल. ज्या समाजांची नीट नोंद झाली आहे त्यांत 'कुणीही, कुणालाही, केव्हाही' असं कुठेच नव्हतं. कुणी खायचं, कुणाला, कोणता भाग, कुणी हातही लावायचा नाही, हे सगळं बांधलेलं होतं. 'टॅबू' (निषेध) हा शब्द इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या १७७७च्या नोंदींतून टोंगा बेटांवरून युरोपात आला. पवित्र म्हणून शिवायचं नाही आणि अभद्र म्हणून शिवायचं नाही, दोन्हींना तिथे एकच शब्द होता. प्रेताबद्दलची आपली भावना नेमकी अशी दुहेरी असते.

प्रश्न : हजारो वर्षांपूर्वीच्या हाडांवरून 'हा माणूस खाल्ला गेला' हे कसं ठरवतात? मोडलेलं हाड तर कशानेही मोडू शकतं.

बरोबर आहे, म्हणून एका खुणेवर कुणी निकाल देत नाही.

पहिलं काम म्हणजे त्याच थरातली जनावरांची हाडं आणि माणसांची हाडं शेजारी ठेवणं. दोन्हींवर घाव त्याच जागी, फोडण्याची रीत तीच, आणि फेकली एकाच खड्ड्यात, असं असेल तर संशय पक्का होत जातो. दक्षिण फ्रान्समधल्या फोंब्रेगुआ गुहेतल्या हाडांवर १९८६ मध्ये हीच पद्धत वापरली गेली.

मग भिंग. दगडी पात्याचा घाव आडवा छेद घेतला तर टोकदार खाचेसारखा दिसतो आणि त्याच्या आत बारीक समांतर रेघा असतात. श्वापदाच्या दाताची खूण गोलसर, उथळ पन्हाळीसारखी, आणि हाडाची टोकं कुरतडलेली. पायाखाली वाळूत घासून पडलेले ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात. झाडाची मुळं नागमोडी नक्षी काढतात. उत्खनन करणाऱ्याच्या थापीने पडलेला ओरखडा आतून फिक्या रंगाचा निघतो. यानंतर जागा बघायची. सांध्याजवळचे आडवे घाव अवयव सुटे करण्याचे, नळीच्या, म्हणजे हातापायाच्या लांब हाडाच्या, लांबीवरचे मांस सोलण्याचे.

पुढे नळ्या. ताजं हाड फोडलं तर ते पिळवटल्यासारखं तिरकं तुटतं आणि कडा गुळगुळीत राहतात. वाळलेलं हाड काटकोनात, खडबडीत तुटतं. आघाताच्या जागी खळगा आणि पलीकडच्या बाजूला ऐरणीच्या दगडाचे ओरखडे मिळाले, म्हणजे आतली मज्जा काढण्यासाठीच नळी फोडली होती. मणके कमी सापडणं हीही खूण आहे, कारण मणक्याचं भुसभुशीत हाड कुटून त्यातली चरबी उकळून काढता येते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मँकोस इथल्या हाडांच्या तुकड्यांची टोकं चकाकताना दिसली. मानववंशशास्त्रज्ञ टिम व्हाइट यांनी हरणाची हाडं तशाच खडबडीत मडक्यात ढवळून उकळली, तर टोकांना तशीच चकाकी आली. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'मडक्याची झिलई' हा पुराव्याचा एक प्रकारच झाला.

चूक कुठे होते? अनेक समाज प्रेत आधी सोलून, हाडं स्वच्छ करून मग पुरत असत. त्यातही घाव पडतात. क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या निअँडरथल या लुप्त मानवजातीच्या हाडांवरून शंभरेक वर्षांपूर्वी नरभक्षणाचा निष्कर्ष काढला गेला. पुढे ते घाव पुन्हा तपासले, तेव्हा खाटकामापेक्षा अंत्यविधीसाठी हाडं साफ करण्याशी त्यांचं साम्य जास्त असल्याचं दाखवून दिलं गेलं. शिवाय वरच्या सगळ्या खुणा जमल्या तरी 'कापलं, फोडलं, शिजवलं' इथवरच पोचता येतं. घास गिळला हे सिद्ध करायला वेगळा पुरावा लागतो. तो कोलोरॅडोतल्याच काउबॉय वॉश या जागी मिळाला. साधारण इसवीसन ११५०च्या वस्तीत चुलीत पडलेल्या वाळक्या विष्ठेत मानवी मायोग्लोबिन सापडलं (प्रसिद्धी २००० मध्ये). मायोग्लोबिन हे हालचालीच्या स्नायूंतलं आणि हृदयातलं प्रथिन आहे, आतड्याच्या स्नायूंत ते नसतं. आतड्यातून रक्त गेलं तरी मायोग्लोबिन विष्ठेत येणार नाही. ते यायला एकच वाट उरते.

इंग्लंडमधल्या गफ गुहेत सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीच्या हाडांवर माणसाच्याच दातांच्या खुणा आहेत आणि कवट्यांच्या वाट्या निगुतीने घडवलेल्या आहेत. एका हाडावर तर नागमोडी नक्षी कोरून मगच ते फोडलं आहे. पोटासाठी आणि विधीसाठी ही आपली विभागणी तिथे चालत नाही.

प्रश्न : नरमांसाने रोग होतात म्हणून पूर्वजांनी ते वर्ज्य केलं, असं वाचलं. खरं आहे का?

पटण्यासारखं आहे, पण जुळत नाही. त्यासाठी कुरू या रोगाची हकिगत नीट पाहायला हवी.

पापुआ न्यू गिनीच्या पूर्व डोंगराळ भागातल्या फोरे लोकांत नातलगाचं प्रेत खाण्याची रीत होती. ती फार जुनी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी किंवा विसाव्याच्या सुरुवातीला त्यांनी ती उचलली, असं मानववंशशास्त्रज्ञांना जाणत्या माणसांच्या आठवणींतून कळलं. मांस बांबूच्या नळ्यांत भरून शिजवत, हाडंही कुटून वापरत, कडू म्हणून पित्ताशय तेवढं टाकत. कापणं, मेंदू काढणं बायकांकडे. लहान मुलं आयांजवळ बसत आणि खात. मोठे पुरुष बहुतेक लांब राहत. रोगाने नेमकी हीच वाटणी दाखवली. मरणाऱ्यांत बायका आणि मुलं खूप, प्रौढ पुरुष थोडे.

'कुरू' म्हणजे थरथर. डोकं आणि सांधे दुखतात, मग चालताना तोल जातो, मग काठीशिवाय उभं राहता येत नाही, मग बसता येत नाही, गिळता येत नाही. बहुधा वर्षभरात मृत्यू. १९५७ मध्ये व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुशेक यांनी हा रोग वैद्यकजगापुढे मांडला. तेव्हापासून २,७०० च्या आसपास रोगी नोंदले गेले. ऑस्ट्रेलियन प्रशासनाने १९५०च्या दशकात ही रीत बंद पाडली आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीत रोग दिसला नाही. काही जणांना मात्र शेवटचा घास खाल्ल्यावर पन्नास वर्षांनी तो झाला.

कारण जंतू नव्हे, वाकडं दुमडलेलं प्रथिन, म्हणजे प्रायॉन. ते शेजारच्या सरळ प्रथिनालाही आपल्यासारखं वाकडं करत जातं. उकळून ते मरत नाही, कारण ते मुळात जिवंतच नसतं. रुग्णालयात अशा रोग्यावर वापरलेली उपकरणं १३४ अंश सेल्सिअसच्या दाबाच्या वाफेत १८ मिनिटं ठेवतात किंवा दाहक सोड्यात तासभर बुडवतात. चुलीवरच्या बांबूच्या नळीत तेवढी उष्णता येत नाही.

आता मूळ प्रश्न. घास आणि रोग यांत पाच ते पन्नास वर्षांचं अंतर असेल तर कार्यकारणभाव कुणाच्या लक्षात येणार? फोरे लोकांनी करणीला दोष दिला आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. तेव्हा 'अनुभवातून शहाणपण, शहाणपणातून निषेध' ही साखळी इथे तुटते. अनुभव शरीराने मात्र लक्षात ठेवला. त्या भागात प्रायॉनच्या जनुकाचं एक रूप सापडलं जे कुरूपासून जवळजवळ पूर्ण संरक्षण देतं (२००९). याहून मोठा तर्क, की जगभरच्या माणसांत प्राचीन नरभक्षणाच्या साथींची जनुकीय छाप आहे, २००३ मध्ये मांडला गेला. पण तो ज्या नमुन्यांवर उभा होता त्यांच्या निवडीवरच पुढे आक्षेप आले. आम्ही त्यावर भिस्त ठेवणार नाही.

एक जोड. ब्रिटनमध्ये गुरांना गुरांचंच मांस-हाडांचं पीठ चारलं गेलं आणि १९८६ मध्ये गायींत 'मॅड काऊ' रोग ओळखला गेला. १९९६ मध्ये तो माणसांत आल्याचं जाहीर झालं आणि ब्रिटनमध्ये १७८ जण दगावले. गायीने कुठलाही निषेध मोडला नव्हता. तिला विचारलंच कुणी?

प्रश्न : दुष्काळ सोडला तर आदिमानव पोट भरण्यासाठीच माणूस मारत असेल का?

हिशेब करून बघा. पुरातत्त्वज्ञ जेम्स कोल यांनी २०१७ मध्ये प्रौढ पुरुषाच्या अवयवांची ऊर्जा मोजून मांडली. सगळ्या स्नायूंची मिळून साधारण ३२,००० किलोकॅलरी. मॅमथच्या, म्हणजे प्राचीन केसाळ हत्तीच्या, स्नायूंची ३६ लाख. पंचवीस जणांच्या टोळीला माणशी २,००० लागत असतील तर दिवसाला ५०,००० झाल्या. म्हणजे एक माणूस एक दिवसही पुरत नाही, मॅमथ अडीच महिने पुरतो (टिकवता आला तर). शिवाय माणूस उलट वार करतो आणि त्याला सूड घेणारे भाऊबंद असतात. उपाशी माणसाचं प्रेत तर याहूनही निःसत्त्व. चरबी संपलेली असते, आणि चरबीविना नुसतं चिवट मांस खात राहिलं तर मळमळ, जुलाब, अशक्तपणा येतो. शिकार म्हणून माणूस हा तोट्याचा धंदा आहे.

प्रश्न : 'अमक्या बेटावरचे लोक नरभक्षक' हे प्रवासवर्णनांतलं कितपत खरं मानायचं?

आधी विचारायचं, की असं म्हणण्यात कुणाचा फायदा होता. 'कॅनिबल' हा शब्दच १४९२ मध्ये कोलंबसच्या कानावर पडलेल्या, कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी आपल्या शत्रूंना दिलेल्या नावावरून आला. १५०३ मध्ये स्पेनची राणी इसाबेला हिने नरभक्षकांना गुलाम करायला परवानगी दिली. त्यानंतर नरभक्षक 'सापडण्याचं' प्रमाण वाढलं तर नवल नाही.

१९७९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ विल्यम अॅरन्स यांनी दुसरं टोक गाठलं. विधी म्हणून नरभक्षण कुठेही झाल्याचा विश्वासार्ह प्रत्यक्षदर्शी पुरावाच नाही, असं ते म्हणाले. वर सांगितलेली हाडं आणि कुरू पाहता ते टिकत नाही, पण त्यांच्यामुळे पुरावे कसून तपासायची सवय लागली. आणि उलटी गोष्टही घडली आहे. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशाकडे निघालेल्या इंग्रजांच्या फ्रँकलिन मोहिमेतले १२९ जण मेले. तिथल्या मूळच्या इन्युइट लोकांनी शोधप्रवासी जॉन रे यांना सांगितलं की शेवटी गोऱ्या खलाशांनी एकमेकांची प्रेतं खाल्ली. रे यांनी १८५४ मध्ये ते कळवलं तेव्हा इंग्लंडमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्सने तर 'रानटी लोकांच्या शब्दावर कसला विश्वास' असा सूर लावला. १९९७ मध्ये हाडांवरचे सुरीचे घाव प्रसिद्ध झाले. इन्युइट खरं बोलत होते.

त्याच युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत औषधाच्या दुकानांतून ममीची पूड आणि कवटीचा अर्क विकला जाई. त्याला कुणी नरभक्षण म्हणत नसे, औषध म्हणत.

प्रश्न : प्रेमापोटी आपल्याच माणसाला खाणं ही कल्पनाच करवत नाही.

ब्राझीलमधल्या वारी लोकांना पुरण्याची कल्पना करवत नसे. थंड, ओल्या, घाण मातीत आपलं माणूस एकटं टाकून यायचं? १९६०च्या दशकात सरकारी माणसं आणि मिशनरी येईपर्यंत ते प्रेत भाजून खात. आणि इथे मराठीचा एक जोडशब्द फार उपयोगी पडतो. सगे खात नसत, सोयरे खात. रक्ताचे नातलग शोक करत आणि सासरच्या नात्यातल्यांना विनवत, की आता तुम्ही एवढं करा. सोयरे बारीक काडीने लहान लहान तुकडे उचलत, अदबीने, रडत. बहुधा प्रेताला दोनतीन दिवस होऊन गेलेले असत, तरी कर्तव्य म्हणून घास घेतला जाई. शत्रूला खाताना मात्र काडी नसे, अदबही नसे. खाण्याची रीत बदलली की अर्थ बदलला.

प्रश्न : जीव वाचवण्यासाठी खाल्लं तर ते पाप, गुन्हा, की दोन्ही नाही?

दोन प्रसंग ताडून बघा.

१८८४. 'मिन्योनेट' ही नौका साउदॅम्प्टनहून सिडनीला निघाली आणि ५ जुलैला दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. चार जण एका छोट्या होडीत. जवळ सलगमाचे दोन डबे, पाणी नाही. पुढे एक कासव मिळालं. विसाव्या दिवसाच्या सुमारास रिचर्ड पार्कर हा सतरा वर्षांचा मुलगा समुद्राचं पाणी पिऊन निपचित पडला होता. कप्तान डडली याने सोबतच्या स्टीफन्सच्या संमतीने त्याला मारलं. चौथा, ब्रुक्स, तयार नव्हता, पण खाल्लं तिघांनी. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. चार दिवसांत जहाज भेटलं. जनमत खलाशांच्या बाजूचं होतं, पार्करच्या भावाने कोर्टात डडलीशी हात मिळवला. तरी न्यायालय म्हणालं, निकड हा खुनाचा बचाव होत नाही, कारण कुणाचा जीव कमी मोलाचा हे ठरवायचं कुणी? फाशी सुनावली, मग ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली. आरोप खुनाचा होता. खाल्ल्याचा नव्हताच.

१९७२. उरुग्वेचं विमान १३ ऑक्टोबरला अँडीज पर्वतात कोसळलं. ४५ जण होते, ७२ दिवसांनी १६ वाचले. शोध थांबवल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं. खायला काही नाही, भोवती बर्फात टिकून राहिलेली मित्रांची प्रेतं. त्यांनी कुणाला मारलं नाही. 'मी मेलो तर माझं शरीर वापरा' असं एकमेकांना सांगून ठेवलं, आणि काही नातलगांची प्रेतं होता होईल तो बाजूला ठेवली. कॅथलिक धर्मगुरूंनी हे पाप नसल्याचं सांगितलं.

फरक खाण्यात नाही, आधीच्या पायरीत आहे. मेला कसा, कुणी ठरवलं, त्याला विचारलं होतं का. आमच्या मते नीतीचा सगळा भार याच तीन प्रश्नांवर पडतो. रशियन भाषेने तर दोन वेगळे शब्दच केले आहेत, एक 'प्रेत खाणं' आणि दुसरा 'माणूस खाणं'. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१ पासूनच्या उपासमारीत, दोन हजारांवर माणसं या आरोपांखाली पकडली गेली, तेव्हा हा भेद जगण्यामरण्याचा होता.

प्रश्न : मृताची संमती आहे, कुणाला इजा नाही, रोगाचा धोका नाही. मग चूक काय?

हाच प्रश्न मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट आणि सहकाऱ्यांनी २०००च्या सुमारास विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. मृतदेह ठेवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी जाळायला जाणाऱ्या देहाचा तुकडा घरी नेऊन खाते. विद्यार्थी 'चूक' म्हणत, कारण देत, कारण खोडलं की दुसरं देत, शेवटी 'सांगता येत नाही, पण चूकच' म्हणत. यावरून निषेध पोकळ आहे असं काहींना वाटतं. आम्हाला नाही वाटत. प्रेताला नाव असतं, अन्नाला नसतं, आणि 'माणूस' या शब्दाच्या अर्थातच 'हे ताटात वाढायचं नव्हे' असं बसलेलं आहे. त्याला वेगळं कारण मागणं म्हणजे आईला नावाऐवजी नंबर का देत नाही हे विचारण्यासारखं आहे. मराठीत निर्दय हावरेपणाला 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं' म्हणतात. शिवी देणारासुद्धा लोण्यापाशी थांबला, मांसापर्यंत गेला नाही.

कायद्याची अडचण अशी, की बहुतेक देशांत नरभक्षण हा स्वतंत्र गुन्हाच नाही, खून किंवा प्रेताची विटंबना म्हणून खटला चालतो. जर्मनीत २००१ मध्ये एकाने स्वतःहून तयार झालेल्या माणसाला मारून खाल्लं. २००४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी साडेआठ वर्षं झाली, फेरखटल्यात २००६ मध्ये खुनासाठी जन्मठेप. संमतीने जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात १९९० पासून वेगळा कायदा आहे, आणि त्यात जगण्याचा दुसरा उपाय नसल्यास सूट आहे. म्हणजे अँडीज चालेल, मिन्योनेट नाही.

प्रश्न : बाळंतपणानंतर वार (प्लॅसेंटा) वाळवून त्याच्या कॅप्सूल घेतात. तेही नरभक्षणच का? धोका आहे का?

शब्दार्थाने मानवी ऊती खाणं आहेच, पण कुणी मेलेलं नाही आणि वार आईबाळाचीच, त्यामुळे वरचे तीनही प्रश्न इथे उठत नाहीत. फायदा सिद्ध झालेला नाही. धोका मात्र नोंदलेला आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यात एका नवजात बाळाला 'गट ब' स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचा रक्तसंसर्ग झाला, उपचारानंतर पुन्हा झाला. आई रोज तीन वेळा दोन दोन कॅप्सूल घेत होती आणि कॅप्सूलमध्ये तोच जंतू निघाला. वाळवणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. ५४ अंश सेल्सिअसला साल्मोनेला हा जंतू पुरेसा मारायला १२१ मिनिटं लागतात, आणि कमी तापमानावर वाळवण किती वेळ ठेवली याची नोंद बहुधा कुणी देत नाही. प्रसूतीच्या वेळी ताप किंवा संसर्ग असेल तर हा विचार सोडून द्या.